केफिर लो-कार्बमध्ये बसतं का?

प्रश्न
दिवसाचे कर्ब्ज (कर्बोदकं) ५० ग्रॅमच्या आत ठेवतेय. दूध बंद केलं, पण केफिरचे (दूध आंबवून ताकासारखं आंबट पेय करायचे) दाणे घरात आहेत आणि ते टाकवत नाहीत. कुणी म्हणतं, जिवाणू सगळी साखर खाऊन टाकतात, बिनधास्त प्या. विकतच्या साध्या केफिरच्या बाटलीवर मात्र १०० मिलिला ४ ग्रॅम कर्ब्ज छापलेत. खरं काय? जास्त वेळ आंबवलं तर साखर शून्यावर येते का? मला कितीही आंबट चालतं, नाकं मुरडणारे घरातले बाकीचे आहेत.

प्रतिसाद १
सगळी नाही खात हो. गायीच्या दुधात १०० मिलिला ५ ग्रॅमच्या आतबाहेर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, आणि आम्ल वाढलं की त्यांचंच काम मंदावतं. त्यामुळे २४ तासांच्या केफिरमध्येही बरंचसं लॅक्टोज शिल्लक राहतं. आणखी ठेवलंत तर थोडं कमी होईल, शून्य नाही.

आता बाटलीवरचा आकडा. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून सांगतो: कर्ब्ज बऱ्याचदा थेट मोजतच नाहीत. पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि राख (पदार्थ जाळल्यावर उरणारे क्षार) मोजायची, १०० मधून वजा करायची, उरेल ते कर्ब्ज. लॅक्टिक आम्लाला वेगळा रकाना नसल्याने तेही या उरलेल्यातच जाऊन बसतं. आंबवलेल्या दुधात ते १ टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे छापलेल्या ४ मधला साधारण १ ग्रॅम साखर नसून आम्ल असू शकतो.

पण यावरून लगेच सूट घेऊ नका. घरच्या बरणीत किती आंबलंय ते जिभेला नेमकं कळत नाही. मी तरी ४ च धरतो. २०० मिलिचा पेला म्हणजे ८ ग्रॅम. तुमच्या ५० मध्ये आरामात बसतो. २० ग्रॅमवाल्या कीटोत (अगदी कमी कर्ब्जच्या आहारात) मात्र तो एक पेला जवळजवळ अर्धा दिवस खातो.

प्रश्नकर्ती
राखेचा रकाना असतो हे आजच कळलं! मग लॅक्टोज-फ्री दुधाचं केफिर केलं तर?

प्रतिसाद २
काही वाचत नाही. त्या दुधात लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) घालून लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. पोट बिघडणाऱ्यांना फायदा, कर्ब्ज बहुधा तेवढेच, वर चव गोड. फळांच्या चवीचं विकत घेणार असाल तर आधी घटकांच्या यादीत साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा.

प्रतिसाद ३
कापडात टांगून निवळी काढून टाकली तर तिच्याबरोबर लॅक्टोजही जातं. पण मग ते प्यायचं राहत नाही, चमच्याने खावं लागतं.

एक विचारते, मधुमेहाची औषधं चालू आहेत का? इन्सुलिन घेत असाल तर कर्ब्ज कमी केल्यावर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. डोस डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, केफिरचं नंतर बघू.

प्रश्नकर्ती
औषध काही नाही. सकाळी एक पेला ठेवते, ८ ग्रॅम धरून. दाणे वाढतच चाललेत, त्यांचं काय करायचं ते वेगळ्या धाग्यात विचारते.