एकाचा परतावा अडला म्हणून सर्वांचा अडतो

प्रश्न (कोथरूड, पुणे):
आमच्या गिर्यारोहण गटाच्या सॉलिडिटी भाषेतील कॉन्ट्रॅक्टमध्ये (इथेरियम ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) राजगडची मोहीम रद्द झाल्यास सर्वांची अनामत एकाच लूपमधून ईथरच्या (इथेरियमच्या चलनाच्या) रूपात परत जाते. परंतु एखाद्याचा पत्ता कॉन्ट्रॅक्टचा असून त्याने रक्कम नाकारली, की संपूर्ण व्यवहार रिव्हर्ट होतो, म्हणजे रद्द होऊन सारे पूर्ववत होते. ट्राय-कॅच (चूक पकडून पुढे जाऊ देणारी रचना) वापरावे काय?

उत्तर (हिंजवडी):
निव्वळ ईथर पाठवण्यासाठी त्याची गरज नाही. लो-लेव्हल कॉल (पत्त्यावर थेट केलेला कॉल) अपयशी ठरल्यास स्वतः रिव्हर्ट न होता फॉल्स देतो, ते मूल्य मात्र न चुकता तपासावे. खरे तर लूपच काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे: अनामत मॅपिंगमध्ये (पत्ता आणि रक्कम यांच्या तक्त्यात) नोंदवावी, ज्याची त्याने काढून घ्यावी, आणि देताना नोंद आधी शून्य करून मगच रक्कम पाठवावी, अन्यथा रीएंट्रन्सीला (रक्कम मिळताच तेच फंक्शन पुन्हा बोलावून दुबार पैसे काढण्याला) वाव राहतो.

उत्तर (सदाशिव पेठ):
सहमत. पुढे टोकनसाठी (वेगळ्या कॉन्ट्रॅक्टने सांभाळलेल्या डिजिटल नाण्यांसाठी) ट्राय-कॅच योजलेत, तर ०.६ आवृत्तीपासूनची ही सोय सर्वच चुका पकडत नाही, हे ध्यानात ठेवावे. पत्त्यावर कोडच नसेल किंवा परत आलेला डेटा डीकोड झाला नाही, तर कॅचपर्यंत न पोहोचता तुमचेच फंक्शन रिव्हर्ट होते. उलट, कोड नसलेल्या पत्त्यावरील लो-लेव्हल कॉल बिनदिक्कत ट्रू देतो!