मदत हवी आहे : हरभऱ्याला झिंक मारताना टाकीत सगळं फाटलं (अर्जंट)

कोथरूडकर_शेतकरी: राहतो पुण्यात, शेत शिरूरकडे, दोन एकर हरभरा. डाळ करून सोसायटीतल्याच वीसेक घरांना देतो, त्यातल्या आहारतज्ज्ञ काकूंनी डोक्यात भरवलं की खतातून दाण्यातलं झिंक वाढवता येतं. म्हणून झिंक सल्फेट आणलं आणि आज फवारायला घेतलं तर दूध फाटावं तसं पांढरं झालं टाकीत, नोझल चोंदला, अर्ध्या पंपावर काम बंद. माल बोगस आहे का? रविवारी रात्री पुण्यात परत यायचंय, लवकर सांगा.

काळी_माती: 21 टक्के झिंकवालं का 33? पंपाला किती ग्रॅम? सोबत काय होतं? पेरून किती दिवस?

देशी_बाणा: कशाला ही केमिकलची हौस. शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडा, आमच्याकडे चार वर्षं दुसरं काही नाही.

कोथरूडकर_शेतकरी: 21, पंधरा लिटरला 75 ग्रॅम, 45 दिवस झाले, फुलोरा आहे. बाकी काही नव्हतं.

राजू_बारामती: झाडं मधूनच वाळतात ना? मर रोग आहे तो, ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) बीजप्रक्रियेलाच लावायला पाहिजे होता.

कोथरूडकर_शेतकरी: कुठंही वाळलेलं नाहीये हो!!

काळी_माती: बाकी काही नव्हतं म्हणजे नक्की नुसतं पाणी?

कोथरूडकर_शेतकरी: डीएपी खत होतं 2 टक्के, रात्री भिजवून गाळलेलं. ते फुलोऱ्यात सगळेच मारतात म्हणून नाही लिहिलं.

काळी_माती: तेच तर लिहायचं होतं राव. डीएपीतला फॉस्फेट आणि झिंक एकत्र आले की झिंक फॉस्फेट होऊन खाली बसतं, ते पाण्यात विरघळत नाही. माल चांगला असेल, उगाच दुकानदाराशी भांडू नका. ती टाकी गाळून मारू नका, धुऊन काढा. प्रमाण बरोबर आहे तुमचं, 0.5 टक्के, पण त्याच्या निम्मा चुना लागतो, म्हणजे पंपाला 38 ग्रॅम, विरवून त्याची निवळी घालायची, नाहीतर पानं करपतात. ऊन उतरल्यावर मारा. डीएपी आठवड्याने, वेगळं. आणि दाण्यात झिंक हवं असेल तर घाटे भरताना दुसरी फवारणी चुकवू नका.

अ‍ॅग्रो_मित्र: चुन्याची कटकट कशाला, चिलेटेड झिंक घ्या, 12 टक्के, पाण्यात सरळ विरघळतं.

राजू_बारामती: आणि बिल कोण भरणार? तुमचं दुकान आहे काय? सरळ पेरणीआधी एकरी 10 किलो झिंक सल्फेट जमिनीत टाकायचं, विषय संपला.

काळी_माती: राजूभाऊ, चुनखडीच्या रानात, सामू (पीएच) 8 च्या वर असला की टाकलेल्या झिंकमधलं बरंचसं मातीतच अडकतं. माती तपासा आधी, डीटीपीए झिंक (म्हणजे मातीतलं पिकाला मिळू शकणारं झिंक) 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर जमिनीतून द्यायचंच, उत्पादनाला फरक पडतो. पण यांना एकरी उतारा नाही, दाण्यातलं झिंक वाढवायचंय, त्याला फवारणीच बरी.

देशी_बाणा: माती तपासायची म्हणजे परत सरकारी हेलपाटे. गांडुळं मोजा.

सदाशिवपेठी_आजी: मला शेतीतलं कळत नाही, पण डाळी-कडधान्यात फायटेट असतं, ते झिंक धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. तेव्हा डाळ भरडण्यापेक्षा अख्खे हरभरेच द्या, रात्री भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. आमच्याकडे मटकीला मोड आल्याशिवाय उसळ होत नाही, उगाच नाही! आणि सोलाणे कधी निघणार? सोलाण्याच्या आमटीला मी पहिली.

राजू_बारामती: आजी, सोलाण्याला भाव काय देता?

कोथरूडकर_शेतकरी: अहो थांबा, आमटी नंतर. चुना गावात कुठे मिळत नाहीये, पानटपरीवरचा चालेल का?

काळी_माती: चालतो, पण तो ओला असतो, वजन चुकतं. आणि दोन एकराला टपरीच विकत घ्यावी लागेल. कळीचा चुना बघा हार्डवेअरमध्ये, फक्त डिंक मिसळलेला रंगाचा नको. नोझल गरम पाण्यात टाकून ठेवा आत्ताच.