मदत हवी आहे: इंग्रजी 'मेक युअर एक्सक्यूजेस'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत घरी आठवी-नववीची शिकवणी घेते. मराठीत आपण सबब 'सांगतो', म्हणून मुलं बिनधास्त 'टेल ॲन एक्सक्यूज' लिहितात. तिथे 'मेक' किंवा 'गिव्ह' हवं, हे घोकून घेतलं. 'लेम एक्सक्यूज' लगेच कळलं, आपली लंगडी सबबच ती! (ठाणे-वाशी लोकल लेट, ही रोजचीच.) 'एक्सक्यूज'चा उच्चार नाम असताना शेवटी 'स', क्रियापद असताना 'झ', हेही जमलं.

अडलंय ते 'मेक युअर एक्सक्यूजेस'पाशी. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. कार्यक्रमातून लवकर निघताना किंवा येणं जमणार नसताना 'माफ करा' म्हणत कारण सांगणं, एवढंच. मुलं मात्र 'थापा मारणे' लिहितात. याला चपखल मराठी शब्दप्रयोग सुचवाल का? शनिवारी चाचणी आहे.