कोकणातले प्रकल्प आणि पक्षांच्या भूमिका: नक्की कोण कुठे उभं आहे?

राजापूरची लेक
नमस्कार मंडळी. माहेर राजापूर तालुक्यातलं, सध्या मुक्काम पुण्यात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवडणूक जवळ आली की जुंपते. मोठा काका म्हणतो, रिफायनरी आली असती तर वाडीतली पोरं मुंबईला गेली नसती. धाकटा काका बारसूच्या सड्यावर आंदोलनात बसलेला. दोघं एकमेकांच्या पक्षाला शिव्या घालतात आणि मला कळत नाही की कुठला पक्ष नक्की कशाच्या बाजूने आहे. जाहीरनामे चाळले. सौरऊर्जा सगळ्यांनाच हवी, झाडं सगळ्यांनाच हवीत, रोजगारही सगळेच देणार. वीज आणि पर्यावरण यांवर आपल्याकडच्या पक्षांत खरोखर धोरणाचा फरक आहे का? "सगळे चोर" एवढंच कृपया लिहू नका, ते आमच्या ग्रुपवर रोज येतंच.

मंडळवाला
पोरी, मी वीज मंडळातून निवृत्त, नोकरीचा बराच काळ चिपळूण-गुहागरकडे गेला. त्यामुळे माझं उत्तर एन्रॉनपासून सुरू होणार, इलाज नाही.

१९९३ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना मंडळाने एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची घोषणा दिली, मुंडे सभांमधून तेच सांगत फिरले. ऑगस्टमध्ये जोशी सरकारने करार मोडलासुद्धा. मग कंपनीच्या रिबेका मार्क बाळासाहेबांना भेटून गेल्या, फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प दोन्ही टप्प्यांसकट परत आला. सुधारित कराराला केंद्राची प्रतिहमी (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल अशी) मंजूर केली ती वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने. म्हणजे बुडवणारे तेच आणि हमी देणारेही तेच.

करारातली खरी गोम आम्हा कर्मचाऱ्यांना बिलं बघून कळली. वीज घ्या किंवा घेऊ नका, स्थिर आकार भरायचाच. तो डॉलरशी बांधलेला, त्यात इंधन नाफ्ता, म्हणजे तेलापासूनचं महाग इंधन. २००० मध्ये काही महिने युनिटचा दर ७ रुपयांच्या वर गेला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. एवढ्या सगळ्या गदारोळात खाडीतल्या माशांचं काय होणार हे गुहागरच्या भोयांशिवाय फारसं कोणी विचारत नव्हतं.

आता तुझ्या तालुक्याकडे ये. जैतापूर: ९,९०० मेगावॅट, फ्रेंच अणुभट्ट्या. काँग्रेसचे जयराम रमेश यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली. शिवसेनेने रान उठवलं, एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक जण गेला. २०१४ ला सेना स्वतः सत्तेत आली. प्रकल्प रद्द झाला? नाही.

नाणारच्या रिफायनरीची गंमत याहून भारी. मे २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली तेव्हा उद्योगमंत्री शिवसेनेचेच सुभाष देसाई. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनीच नाणारच्या सभेत ती रद्द केल्याचं जाहीर केलं, तर मुख्यमंत्री फडणवीस म्हणाले, मंत्र्याला तो अधिकारच नाही. पुढे लोकसभेसाठी युती जुळली आणि मार्च २०१९ मध्ये अधिसूचना खरोखर रद्द झाली. मग जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकऱ्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली, आणि मे २०२३ मध्ये सत्ता गेल्यावर बारसूला आंदोलकांची बाजू घ्यायला तेच आले. नारायण राणेसाहेब काँग्रेसमध्ये असताना जैतापूरच्या बाजूने, स्वतःचा पक्ष काढल्यावर नाणारच्या विरोधात, भाजपमध्ये गेल्यावर बारसूच्या बाजूने.

तरी फरक नाहीच असं मी म्हणणार नाही. तो प्रकल्प हवा की नको यात नसतो, गावाला विचारायचं की नाही यात असतो. वनहक्क कायदा २००६ चा, हरित लवाद २०१० चा, खासगी प्रकल्पाला ८० टक्के जमीनमालकांची संमती मागणारा भूसंपादन कायदा २०१३ चा, तिन्ही काँग्रेस आघाडीच्या काळातले. भाजपने सत्तेवर आल्या वर्षीच डिसेंबरात अध्यादेश काढून औद्योगिक पट्ट्यांसकट पाच प्रकारच्या प्रकल्पांना त्या संमतीतून सूट दिली. विरोध इतका झाला की २०१५ मध्ये तो सोडून द्यावा लागला. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायदाही सैल केला. त्यांचं गणित सरळ आहे: प्रकल्प मोठा, निर्णय वरून, वेग जास्त. सौरऊर्जाही त्याच पद्धतीने; सौर, पवन, जल, अणू अशी कोळसा-तेलाशिवायची सगळी वीज धरून २०३० पर्यंत ५०० गिगावॅट. काम दिसतं, हे मान्य करायला हवं. डावे बोलतात तेच करतात, २००८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून त्यांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढला होता. पण आपल्याकडे त्यांना सत्तेत बसून मंजुरीची फाईल हातात घ्यायची वेळच आलेली नाही, तेव्हा सोपं जातं.

आणि एका बाबतीत मात्र सगळ्यांचं कसं छान जुळतं! माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये सह्याद्रीच्या पर्यावरणाचा अहवाल दिला, कुठे काय करायचं ते ग्रामसभांना ठरवू द्या म्हणाली. काँग्रेस सरकारने तो दाबून ठेवला. मग त्याहून सौम्य असा कस्तुरीरंगन अहवाल आला. त्यावर २०१४ पासून अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघताहेत, सहावा २०२४ च्या जुलैअखेरीस, वायनाडच्या दरडींनंतर. आपल्या राज्यातल्या एकाही मोठ्या पक्षाने "गाडगीळ अहवाल तसाच्या तसा लागू करा" म्हटलेलं मला आठवत नाही.

बार्शीलाईट
काका, कोकणचं झालं, आता आमचं ऐका. आमच्याकडं पर्यावरण म्हणून कोण मत मागत नाही, लाईटवर मागतात. २००४ ला बाळासाहेबांनी मोफत विजेची घोषणा केली, तर सुशीलकुमार शिंदेसाहेबांच्या काँग्रेस सरकारनं निवडणुकीआधी ती देऊनच टाकली. शून्याची बिलं आली. निवडून आल्यावर विलासरावांनी २००५ ला बंद. आता २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर महायुतीनं साडेसात एचपीपर्यंत मोफत केली. पक्ष बदलला, मुहूर्त तोच.

मला विचाराल तर फुकटपेक्षा दिवसाची लाईट पाहिजे. रात्री दोनला कांद्याचं दारं धरायला जायचं, बॅटरीच्या उजेडात साप बघत. सौर पंप घेतला तेव्हापासून ते थांबलं, हे सरकारचं चांगलं काम. पण पावसाळ्यात आभाळ आलं की पंप नुसता गुरगुरतो. कंट्रोलर जळाला तर पुरवठादार आज येतो, उद्या येतो. आणि ज्याला तारेचंच कनेक्शन पाहिजे त्यालाही सौरच घ्या म्हणतात. यावर विरोधक काय वेगळं करणार, ते सांगत नाहीत. तेही फुकटच म्हणतात.

गोरेगाव पूर्व
मुंबईतलं आरेचं जंगल राहिलं. २०१९ च्या ऑक्टोबरात रात्रीतून झाडं कापली तेव्हा सेना सत्तेतच होती आणि विरोधातही होती. पुढे उद्धवजींनी मेट्रोची कारशेड कांजूरमार्गला हलवली, तिथं कोर्टाची स्थगिती, २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारने परत आरेत आणली. मेट्रो ३ ने मी आता जातो, गार असते.

राजापूरची लेक
काका, खूप आभार. उमेदवार आमच्या वाडीत प्रचाराला येणार आहेत, बाबा म्हणाले तू येऊन विचार. नेमकं काय विचारू?

मंडळवाला
"पर्यावरणाबद्दल तुमचं मत काय" असं विचारू नकोस, अर्धा तास जाईल. गावांनी रिफायनरीविरुद्ध केलेले ग्रामसभेचे ठराव वाचलेत का आणि ते मानणार का, एवढंच विचार. सत्ता आली तर आणि नाही आली तर, दोन्ही उत्तरं घे. जमलं तर मोबाईलवर रेकॉर्ड कर. आणि जैतापूरचंही विचार. रिफायनरीवर सगळे बोलतात, अणुभट्टीचं नाव हल्ली कोणी काढत नाही, जमीन मात्र कधीचीच संपादन झालेली आहे.