‘फीचर सुचवा’ या बटणासाठी मराठी शब्द : सूचना, सुचवण, सुविधा की सोय?

अर्धविराम

संकेतस्थळांवर बसवायच्या एका शोध-सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादाचे काम सध्या मी हौसेने करीत आहे. शंभर-दीडशे ओळी विनातक्रार पार पडल्या आणि एका बटणापाशी गाडी अडली. वापरणाऱ्याला एखादे नवे फीचर हवे असेल तर ते निर्मात्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी हे बटण आहे. मी फारसा विचार न करता तिथे ‘सूचना द्या’ असे लिहिले. पुढे लक्षात आले की शोधपेटीत दोन अक्षरे उमटताच खाली जे पर्यायी शब्द दिसू लागतात त्यांनाही मी ‘सूचना’च म्हटले आहे, आणि शोधाची सूची जुनी झाल्याचा जो इशारा व्यवस्थापकाला जातो, तो आधीच्या अनुवादकाने ‘सूचना’ याच नावाने ठेवलेला आहे. अशा रीतीने सेटिंगच्या एकाच पानावर ‘सूचना दाखवा’, ‘सूचना बंद करा’ आणि ‘सूचना द्या’ हे तीन पर्याय एकाखाली एक येऊन बसले. चाचणीला बसलेल्या मित्राने इशाऱ्यांचा जाच नको म्हणून ‘सूचना बंद करा’ निवडले, शोधपेटीखालचे शब्द नाहीसे झाले, आणि सॉफ्टवेअर बिघडल्याचे त्याने मला कळवले. यात त्याची काहीच चूक नव्हती.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. या तीन सूचनांना तीन वेगळे शब्द कोणते द्यावेत? आणि मुळात ‘फीचर’ला काय म्हणावे? आधीच्या अनुवादकाने ‘वैशिष्ट्य विनंती’ असा शब्दप्रयोग केला आहे, जो वाचून मला तरी काही बोध होत नाही.

जुनी लेखणी

शब्द बदलण्याआधी क्रियापदाकडे पाहावे, असे मला वाटते. मराठीत ‘सूचना देणे’ आणि ‘सूचना करणे’ यांत मोठे अंतर आहे. सूचना दिली जाते ती वरून खाली, म्हणजे साहेब कर्मचाऱ्यांना सूचना देतात आणि त्या पाळायच्या असतात. सूचना केली जाते ती खालून वर किंवा बरोबरीच्या माणसाला, आणि ती ऐकणाऱ्याने मानावीच असे नसते. सभेत सदस्य सूचना करतो किंवा मांडतो. तो ती ‘देऊ’ लागला तर अध्यक्षांच्या भुवया उंचावतील. आपल्या बटणावर ‘सूचना द्या’ असे लिहिणे म्हणजे वापरणाऱ्याला निर्मात्यांचा साहेब करणे होय, जे अनेकांना आवडेलही, पण अर्थ तो नाही. ‘सूचना करा’ एवढ्या बदलाने निम्मे काम होईल. इशाऱ्याला सरळ ‘इशारा’ म्हणावे, कारण सूची जुनी झाल्याची बातमी हा इशाराच आहे.

उपान्त्य

जुनी लेखणी यांचे विवेचन मार्मिक आहे, पण ‘सूचना’ या शब्दाचा काही दोष नाही हे नोंदवले पाहिजे. संस्कृतातील ‘सूच्’ म्हणजे दाखवून देणे, आणि ‘सूचि’ म्हणजे सुई. सुईच्या टोकाने जसे नेमके ठिकाण दाखवावे तशी सूचना असते. शोध-सॉफ्टवेअर ज्याच्या आधारे चालते त्या शब्दांच्या यादीला आपण ‘सूची’ म्हणतो, तीही याच कुळातली. एका सॉफ्टवेअरमध्ये सूची आणि सूचना या दोघी बहिणी शेजारी नांदत असताना ‘फीचर’सारखा उपरा शब्द आणायचे कारण मला दिसत नाही. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांनी रूढ केलेले शब्द आज कोणाला खटकतात? ‘फीचर’साठी ‘गुणविशेष’ आणि संपूर्ण कृतीसाठी ‘गुणविशेष-प्रस्ताव’ असे मी सुचवतो.

सहजबोली

‘गुणविशेष-प्रस्ताव’ असे लिहिलेले बटण दाबण्याआधी मी तरी कोणा जाणकाराचा सल्ला घेईन. ‘दिनांक’ रूढ झाला हे खरे, पण अर्जाच्या छापील चौकटीबाहेर आपण सगळे ‘तारीख’च विचारतो, आणि तो शब्द अरबीतून येऊनही मराठीत कधीच परका राहिला नाही. ज्याला फीचर हवे आहे तो माणूस ‘फीचर’ असेच म्हणतो. त्याच्या तोंडचा शब्द बटणावर असला तर भाषेचे काय बिघडले?

कानामात्रा

सूचना या शब्दाबद्दल एक भर घालते. ठरावाच्या इतिवृत्तात ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ अशी दोन नावे लिहिण्याची पद्धत आहे. फीचर सुचवण्याच्या पानांवर एकाने काही मागितले की बाकीचे त्याखाली अंगठा किंवा अधिक-एक असे चिन्ह देऊन आपलीही तीच गरज असल्याचे सांगतात. या कृतीला मी आजवर ‘मत देणे’, ‘पसंती’, ‘लाइक’ असे अनेक शब्द पाहिले, पण ‘अनुमोदन’ कुठेही पाहिला नाही. हा अर्थ नेमकेपणाने सांगणारा शब्द आपल्याकडे तयार असताना तो कोणालाच आठवू नये याचे मला नवल वाटते. ‘मत’ विरोधातही पडू शकते. अनुमोदन बाजूनेच असते.

शोधपेटीखालच्या शब्दांसाठी मात्र ‘सूचना’ नको. आठवणेपासून आठवण होते, साठवणेपासून साठवण, तशी सुचवणेपासून ‘सुचवण’ व्हायला हरकत नसावी.

सहजबोली

किंवा फसवणेपासून फसवणूक होते तशी ‘सुचवणूक’. भलतेच शब्द पुरवणाऱ्या काही शोधपेट्यांना हा शब्द अधिक शोभेल.

जुनी लेखणी

अडवणूक, पिळवणूक, फसवणूक यांमुळे ‘-णूक’ प्रत्ययाची उगीच बदनामी झाली आहे. करमणूक आणि वागणूक यांनी कोणाचे काय बिघडवले? तरीही ‘सुचवण’ कानाला बरा वाटतो. एक सावधगिरी सांगतो. ‘सूचना’ दीर्घ आणि ‘सुचवण’ ऱ्हस्व आहे, त्यामुळे ‘सूचवण’ असे लिहिणारे पुष्कळ निघतील, कारण आजही ‘सूचवले’ असे सर्रास छापले जाते.

अर्धविराम

‘अनुमोदन’ मी लगेच उचलला आहे, आणि ‘इशारा’ही. पण फीचरचे काय? सुविधा की वैशिष्ट्य?

कानामात्रा

वैशिष्ट्य मागता येत नाही. वैशिष्ट्य म्हणजे एखाद्या वस्तूला इतरांहून वेगळी पाडणारी गोष्ट, जी तिच्यात आधीपासून असते. ‘या सॉफ्टवेअरची वैशिष्ट्ये’ अशी यादी करता येईल, पण ‘मला यात एक वैशिष्ट्य हवे’ असे मराठी माणूस म्हणणार नाही. जे अद्याप नाही आणि असावेसे वाटते, त्याला आपण ‘सोय’ म्हणतो. ‘तारखेप्रमाणे शोधण्याची सोय करावी’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून ‘नवी सोय सुचवा’.

‘फंक्शनॅलिटी’ला ‘कार्यक्षमता’ म्हणणाऱ्यांविषयी कधीतरी स्वतंत्र चर्चा करू. ‘आमच्या शोधात मर्यादित कार्यक्षमता आहे’ असे एका संकेतस्थळाने स्वतःबद्दलच लिहिलेले मी वाचले आहे, आणि अनुवाद चुकलेला असला तरी विधान खरे होते.

उपान्त्य

‘सोय’ हा शब्द घरगुती आहे. सोयरा, सोयरीक हे शब्द त्यावरूनच आले; सॉफ्टवेअरशी सोयरीक करण्याची कल्पना मला पटत नाही.

जुनी लेखणी

सोयऱ्याचा संबंध ‘सोय’शी नसून ‘सोदर’ म्हणजे सहोदराशी जोडला जातो. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याचा मोह आपणा सर्वांनाच होतो, परंतु तो आवरावा.

रफार

नाव काय द्यावे यावर खल चालला आहे, तोवर आपण प्रत्यक्षात कोणती फीचरे (की सोयी) मागणार आहोत हेही पाहावे, कारण मागणी नेमकी लिहिताना खरा शब्दांचा तुटवडा जाणवतो.

माझी पहिली मागणी विभक्तीची आहे. मी ‘पाऊस’ शोधतो, तेव्हा ‘पावसात’, ‘पावसाने’, ‘पावसापूर्वी’ हे शब्द असलेली पानेही मिळायला हवीत. बहुतेक शोध-सॉफ्टवेअरमध्ये मराठीसाठी ही सोय नसते किंवा अर्धवट असते, कारण नुसता प्रत्यय कापून भागत नाही. ‘पावसाने’मधून ‘ने’ काढल्यावर ‘पावसा’ हे सामान्यरूप उरते, आणि त्यावरून ‘पाऊस’पर्यंत परत जावे लागते. ‘मूल’चे ‘मुलाला’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, तो पुन्हा दीर्घ करावा लागतो. उलट आंधळेपणाने ‘ने’ कापत गेले तर ‘सोने’चे ‘सो’ होते आणि ‘ला’ कापत गेले तर कलेतली कलाच जाते. या प्रक्रियेला इंग्रजीत ‘स्टेमिंग’ म्हणतात. मराठीत काय म्हणावे?

दुसरी मागणी लिपीची. ‘अॅप’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ‘अ’वर चंद्र चढवलेला आहे, दुसऱ्यात ‘ॲ’ हे एकच स्वतंत्र अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणसंकेतात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. युनिकोडच्या नियमांनी ही दोन रूपे समान धरलेली नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअरने स्वतःहून ती एक मानल्याशिवाय एक शोधताना दुसरे सापडत नाही.

तिसरी मागणी याच्या बरोबर उलट आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र काही जण ‘ऱ’ वापरून लिहितात आणि काही जण ‘र्’नंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून लिहितात. पुष्कळ सॉफ्टवेअर सूची करताना नुक्ता (म्हणजे ‘ऱ’खालचे टिंब) आणि अदृश्य चिन्हे गाळून टाकते. तसे केले की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा शोधणाऱ्याला समुद्र मिळतो, आणि आचाऱ्यांची चौकशी करणाऱ्याला आचार्यांची पाने वाचावी लागतात. एके ठिकाणी दोन रूपे एक माना आणि दुसरीकडे चुकूनही एक मानू नका, ही मागणी मराठी न जाणणाऱ्या निर्मात्यांना पटवताना मला तीन लांबलचक उत्तरे लिहावी लागली, आणि तरीही तिच्यावर ‘किरकोळ’ असा शिक्का बसलेला आहे.

सहजबोली

स्टेम म्हणजे खोड. तेव्हा ‘खोडीकरण’.

उपान्त्य

विनोद पुरे झाला. व्याकरणात ‘प्रकृती’ आणि ‘प्रत्यय’ ही जोडी सिद्ध आहे. प्रत्यय लागण्यापूर्वीचे रूप म्हणजे प्रकृती, म्हणून ‘प्रकृतिशोधन’ हाच योग्य शब्द होय.

सहजबोली

‘प्रकृतिशोधन चालू करा’ असा पर्याय दिसला तर मी आधी वैद्याला फोन करीन. मला हवे आहे ते साध्या भाषेत ‘शब्दाची सर्व रूपे शोधा’ एवढेच आहे. प्रत्येक तांत्रिक शब्दाला नामच हवे हा हट्ट कशासाठी? मराठी वाक्य क्रियापदावर चालते.

उपान्त्य

शासनाच्या परिभाषाकोशांपुढेही असाच उपहास झाला होता, आणि तरीही त्यांतले पुष्कळ शब्द आज आपण विचार न करता वापरतो. संज्ञा नसेल तर शास्त्र उभे राहत नाही. ‘शब्दाची सर्व रूपे शोधा’ हे बटणावर ठीक आहे, पण त्याविषयीचा लेख लिहिताना ‘शब्दाची सर्व रूपे शोधण्याच्या क्रियेची अचूकता’ असे किती वेळा लिहिणार?

कानामात्रा

या एका मुद्द्यावर मी उपान्त्य यांच्या बाजूने आहे. बटणाची भाषा आणि शास्त्राची भाषा वेगळ्या असू शकतात.

रफार यांच्या यादीत माझी एक मागणी जोडते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘नांव’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरलेले आहेत. जुने अंक संगणकावर आणून शोधासाठी खुले केले, तरी ‘काही’ लिहिणाऱ्याला त्यातले काहीच सापडत नाही. जुने लेखन आणि नवे लेखन यांची सांगड घालणारी सोय हवी.

आणि जाता जाता, ‘सापडत नाही’वरून आठवले. ‘० परिणाम आढळले’ हे वाक्य कृपया काढून टाकावे. परिणाम औषधाचा होतो किंवा संगतीचा होतो. शोधल्यावर जे मिळते त्याला परिणाम का म्हणावे? ‘काहीही सापडले नाही’ असे लिहिले की पुरते.

जुनी लेखणी

‘नवीन शोध’ या बटणाचाही विचार व्हावा. शोध घेतात आणि शोध लावतात. ‘घेणे’ वगळून नुसते ‘नवीन शोध’ लिहिले, तर तिथे कोणत्या तरी नव्या यंत्राची माहिती मिळेल असे माझ्यासारख्याला वाटते. ‘पुन्हा शोधा’ म्हणावे.

अर्धविराम

सर्वांचे आभार, पण मी पुन्हा मूळ मुद्द्याकडे येतो. आज रात्री फाइल पाठवायची आहे. सध्या बटणावर ‘नवी सोय सुचवा’, त्याखाली ‘अनुमोदन’, आणि शोधपेटीसाठी ‘सुचवण’ असे भरले आहे. ‘सुचवणी’ हे अनेकवचन चालेल, की आठवणीप्रमाणे ते होत नाही?

सहजबोली

आठवण–आठवणी, तशी सुचवण–सुचवणी. पण ‘सुचवणी’ हे कोणी एकवचनी समजले, म्हणजे मागणी, पाहणी यांच्यासारखे, तर पुन्हा घोटाळा होईल. ‘सुचलेले शब्द’ लिहा.

उपान्त्य

शब्द संगणकाला ‘सुचत’ नाहीत. सुचणे हे मनाचे काम आहे.

रफार

उपान्त्य यांनी मागे सुचणे आणि सुचवणे यांच्या फरकावर विस्ताराने लिहिल्याचे मला आठवत होते, म्हणून ते इथेच शोधू गेलो. ‘उपांत्य’ असे अनुस्वार देऊन टाइप केले, तर काहीही सापडले नाही. नाव ‘न्’ जोडून लिहिलेले आहे हे नंतर ध्यानात आले. माझ्या यादीत चौथी मागणी : परसवर्णाने लिहिलेले आणि अनुस्वाराने लिहिलेले रूप एकच मानावे.

उपान्त्य

मागणीला माझे अनुमोदन आहे. नाव मात्र मी बदलणार नाही.