नोकरीच्या लेखी अर्जात पहिली छाप नेमकी कशाने पडते?

प्रश्न

नमस्कार. लेखा विभागात चार वर्षे काम केल्यानंतर घरातल्या आजारपणामुळे मला नोकरी सोडावी लागली आणि त्यात दोन वर्षे गेली. आता गेल्या तीन महिन्यांत मी एकवीस ठिकाणी अर्ज केले, पण मुलाखतीचे बोलावणे एकाही ठिकाणाहून आले नाही. समोर बसून बोलायची वेळ आली तर माझे काम मी व्यवस्थित समजावून सांगू शकते, मात्र तिथपर्यंत माझा कागदच मला पोहोचू देत नाही, असे वाटू लागले आहे. बायोडाटा एका पानाचा आहे. सोबतच्या पत्राची सुरुवात मी अशी करते:

"आपल्या नामांकित संस्थेत सहायक लेखापाल या पदासाठी मी अर्ज करू इच्छिते. मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व जबाबदार असून दिलेले कोणतेही काम वेळेत पूर्ण करते. दुर्दैवाने गेली दोन वर्षे मी नोकरी करू शकले नाही, तरी मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती."

यात काय खटकते, हे कृपया स्पष्टपणे सांगावे. त्या दोन वर्षांचा उल्लेख आधीच करावा की टाळावा, हेही मला ठरवता येत नाही.

प्रतिसाद १

भरतीच्या कामात मी बरीच वर्षे अर्ज वाचत आलो आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते सांगतो. एका जागेसाठी शंभरावर अर्ज आलेले असतात तेव्हा पहिल्या फेरीत ते कोणी सावकाश वाचत नाही, चाळतो. चाळणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे आम्हाला जे काम करून हवे आहे ते या व्यक्तीने पूर्वी केले आहे का. आपल्या तीन वाक्यांत त्याचे उत्तर कुठेच नाही. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार हे शब्द जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे डोळा त्यांच्यावर थांबत नाही. ते आपल्या बाबतीत खरे असतील याबद्दल मला शंका नाही, पण ते वाचणाऱ्याला आपल्या कामातून कळायला हवेत.

क्रमाचाही विचार करावा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1946 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला नेहमी आठवतो. एका गटाला एका व्यक्तीचे वर्णन बुद्धिमान, कष्टाळू, उतावळी, टीकाखोर, हट्टी आणि मत्सरी अशा क्रमाने वाचून दाखवले आणि दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने. पहिल्या गटाचे मत अधिक अनुकूल झाले. आपल्या पत्रातली पहिली ठोस माहिती कोणती, तर आपण दोन वर्षे घरी होतात ही. चार वर्षांच्या कामाचा त्यात मागमूसही नाही.

सुरुवात अशी करून पाहावी: "मागील नोकरीत चार वर्षे मी पुरवठादारांच्या बिलांची पडताळणी आणि दरमहा बँक जुळवणीपत्रक तयार करण्याचे काम पाहत होते. आपल्या जाहिरातीत याच दोन जबाबदाऱ्या नमूद असल्याने मी सहायक लेखापाल पदासाठी अर्ज करीत आहे." कामाची नावे अर्थातच आपल्या अनुभवातली घालावीत. महिन्याला किती बिले, किती बँक खाती हे आठवत असेल तर तो आकडाही द्यावा, पण मुलाखतीत ज्याचा हिशेब देता येईल तेवढाच.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. एक जुने उदाहरण सांगते. लिओनार्दो दा विंची यांनी 1482 च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झा यांना चाकरीसाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात हलके, सहज वाहून नेता येतील असे पूल, खंदकातले पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, झाकलेले रथ असे मुद्दे एकामागून एक येतात, आणि चित्रकलेचा उल्लेख येतो तो अगदी शेवटाकडे. राज्यकर्त्याला कशाची गरज आहे हे ओळखून त्यांनी आपल्या गुणांचा क्रम लावला होता, आणि यातले काही अशक्य वाटल्यास तुमच्याच उद्यानात करून दाखवतो, अशी तयारीही शेवटी दर्शवली होती.

मात्र एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि ते बायोडाट्यातला मजकूर उचलून वेगवेगळ्या रकान्यांत भरते. दोन स्तंभांची मांडणी, तक्ते, चित्राच्या आत लिहिलेले शब्द यांमुळे हा मजकूर पुष्कळदा विस्कटतो. तपासण्याची सोपी रीत अशी की, आपल्या पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून कॉपी करावा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. माझ्या स्वतःच्या बायोडाट्यात तेव्हा पदव्या आधीच्या नोकरीच्या मध्येच शिरलेल्या दिसल्या आणि फोन नंबर तर गायबच होता, कारण तो मी सजावटीच्या चौकटीत टाकला होता. कागद स्कॅन करून पाठवला असेल तर बहुतेक वेळा निवडण्यासारखा मजकूरच हाती लागत नाही.

प्रतिसाद ३

माझी एक चूक सांगतो, कारण ती फार सहज घडते. एका कंपनीसाठी लिहिलेले पत्र थोडे बदलून मी दुसरीकडे पाठवले. वरचे नाव बदलले, पण तिसऱ्या परिच्छेदात पहिल्या कंपनीचेच नाव राहिले. तिथून उत्तर आले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. तेव्हापासून पत्र लिहून झाले की मी ते एक रात्र तसेच ठेवतो, सकाळी मोठ्याने वाचतो आणि ईमेलचा पत्ता अगदी शेवटी भरतो, म्हणजे अर्धवट मसुदा चुकून सुटण्याची भीती राहत नाही.

पत्र उघडण्याच्याही आधी ईमेलचा विषय आणि फाइलचे नाव दिसते, हे आपण विसरतो. "बायोडाटा नवीन फायनल 3" या नावाची फाइल घेणाऱ्याच्या संगणकात हरवून जाते. फाइलला स्वतःचे नाव आणि पदाचे नाव द्यावे. विषयात पद लिहावे आणि जाहिरातीत क्रमांक असेल तर तोही घालावा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. नोटपॅडमध्ये मजकूर चिकटवून पाहिला. माझ्या नोकरीच्या तारखा एकत्र गोळा होऊन पानाच्या तळाशी गेल्या होत्या, त्यामुळे तक्ता काढून साध्या ओळी केल्या आहेत. सुरुवातही बदलली: "मागील नोकरीत चार वर्षे मी तीन बँक खात्यांची मासिक जुळवणी आणि पुरवठादारांची देणी सांभाळली." दोन वर्षांबद्दलचे वाक्य तेवढे कुठे ठेवावे, हे अजून उमगत नाही.

प्रतिसाद १

ही सुरुवात वाचून मी पुढे नक्की वाचले असते. खंड लपवू नये, कारण तारखांवरून तो दिसतोच आणि वाचणारा मग स्वतःच्या मनाने कारणे शोधू लागतो. कामाचे दोन परिच्छेद झाल्यावर एकच वाक्य पुरे: "कौटुंबिक कारणासाठी घेतलेली दोन वर्षांची विश्रांती आता पूर्ण झाली असून मी पूर्णवेळ रुजू होऊ शकते." आजारपणाचा तपशील देण्याची गरज नाही. "दुर्दैवाने" हा शब्द मात्र काढावा, आणि "संधी द्यावी" याऐवजी "मुलाखतीसाठी मी उपलब्ध आहे" असे लिहावे.