प्लेस्टेशन २ स्लिम: फ्री एमसी बूटचे तयार कार्ड चालत नाही, आणि जुन्या सेव्ह गमावायच्या नाहीत

माळ्यावरची_पेटी यांचा प्रश्न

नमस्कार. नागपुरातील महाल भागातील आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना माझ्या धाकट्या भावाचे प्लेस्टेशन २ सापडले. स्लिम मॉडेल आहे, काळ्या रंगाचे, आणि खालच्या स्टिकरवर एससीपीएच-९०००६ असे छापलेले आहे. भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे बाहेरगावी असतो. येत्या तान्ह्या पोळ्याला तो मुलाला घेऊन येणार आहे, आणि तोवर हे यंत्र पुन्हा चालू करून ठेवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

यंत्र सुरू होते, चित्र आणि आवाज दोन्ही नीट येतात, परंतु डिस्क वाचताना ते फार अडखळते. पाच वेळा प्रयत्न केला तर एखाद्या वेळी गेम उघडतो. लेन्सवर अवलंबून न राहता होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेले, सॉफ्टवेअर टाकून पेनड्राइव्हवरून गेम चालवता येतात, असे वाचल्यावर मी फ्री एमसी बूट (मेमरी कार्डावरून असे सॉफ्टवेअर सुरू करणारा प्रोग्राम) आधीच टाकलेले एक ६४ एमबीचे मेमरी कार्ड विकत घेतले. ते पहिल्या स्लॉटमध्ये लावले तरी काहीच घडत नाही. नेहमीचाच मेनू उघडतो. विक्रेत्याचे म्हणणे असे की दोष माझ्या यंत्रातच आहे.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. भावाचे मूळ ८ एमबीचे कार्ड अजून शाबूत असून त्यात त्याच्या सगळ्या सेव्ह, म्हणजे गेममध्ये साठवून ठेवलेली प्रगती, आहेत. एका क्रिकेटच्या गेममध्ये त्याने आमच्या गल्लीतील मुलांच्या नावांचा पूर्ण संघ तयार केला होता. हे सर्व करताना त्या कार्डाला धक्का लागू नये, यासाठी कोणत्या क्रमाने काम करावे? मला संगणक रोज वापरण्याइतका येतो, त्यापलीकडे नाही, म्हणून कृपया थोडे सविस्तर सांगावे.

---

रात्रपाळी यांचे उत्तर

ताई, यंत्रात दोष नाही आणि बहुधा कार्डातही नाही. त्या दोघांची जोडी मात्र जमणारी नाही. विक्रेत्याने कार्ड देण्यापूर्वी मॉडेल क्रमांक विचारला असता तर आपले पैसे वाचले असते.

कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाईल. प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानात बाजारात आला तेव्हा सुरुवातीच्या मॉडेलमध्ये डीव्हीडी पाहण्याचे सॉफ्टवेअर यंत्राच्या आत नव्हते, ते मेमरी कार्डावर टाकावे लागे. त्यामुळे सुरू होताना कार्डावर एखादे अपडेट आहे का हे पाहण्याची आणि असल्यास ते चालवण्याची सोय यंत्रातच ठेवलेली होती. फ्री एमसी बूट याच दारातून आत शिरते. ९०००० मालिकेच्या उत्तरार्धात, म्हणजे ज्यांचा बायोस (यंत्र सुरू करणारे आतले सॉफ्टवेअर) २.३० आहे त्या यंत्रांत, सोनीने हे दारच काढून टाकले. आपल्या स्टिकरवर मॉडेल क्रमांकाजवळ एक आकडा आणि एक अक्षर असा डेट कोड असेल. आकडा वर्ष सांगतो आणि अक्षर तिमाही, म्हणजे ८सी म्हणजे २००८ ची तिसरी तिमाही. ८सीच्या यंत्रांत दोन्ही प्रकार आढळतात, मात्र ८डी किंवा त्यानंतरचा कोड असेल तर फ्री एमसी बूट त्यावर कधीही सुरू होणार नाही, कार्ड कितीही चांगले असले तरी.

आपल्यासाठी रस्ता दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा फ्री डीव्हीडी बूट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली ही युक्ती यंत्रातील डीव्हीडी प्लेअरच्या एका चुकीवर आधारलेली आहे: विशिष्ट रीतीने तयार केलेली व्हिडिओ डीव्हीडी वाचताना प्लेअर तिच्यातील चुकीच्या आकारांवर विश्वास ठेवतो आणि आपला प्रोग्राम चालवू लागतो. प्लेअर रॉममध्ये, म्हणजे न बदलता येणाऱ्या मेमरीत, असल्याने ही चूक दुरुस्त होण्याचा प्रश्नच नाही. सर्व स्लिम मॉडेलसाठी एक तयार आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) मिळते, ती कोऱ्या डीव्हीडीवर लिहायची. यंत्राची भाषा मात्र इंग्रजीच ठेवा, कारण ती आयएसओ इंग्रजीसाठीच बनवलेली आहे. डिस्क लागली की यूलाँच नावाचा फाइल ब्राउझर उघडतो.

इथे थांबा आणि दुसरे काहीही करण्याआधी सेव्ह काढून घ्या. मी हे आग्रहाने सांगतो, कारण लोक नवे सॉफ्टवेअर टाकण्याच्या उत्साहात जुने कार्ड फॉरमॅट करून बसतात आणि मग ते परत आणण्याचा उपाय नसतो. भावाचे मूळ कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये लावा, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला लहान पेनड्राइव्ह यूएसबीमध्ये लावा. यूलाँचमध्ये एमसी०: हे पहिले कार्ड आणि मास: हा पेनड्राइव्ह. कार्डातील प्रत्येक फोल्डर म्हणजे एका गेमची सेव्ह. फोल्डरवर जाऊन आर१ दाबले की यादी उघडते, त्यातून कॉपी निवडा, मग पेनड्राइव्हवर येऊन पुन्हा आर१ आणि पीएसयू पेस्ट. साधे पेस्ट करू नका. पीएसयू प्रकारात फोल्डरची तारीख आणि इतर माहिती एकाच फाइलमध्ये बांधली जाते, त्यामुळे सेव्ह पुढे कोणत्याही कार्डावर जशीच्या तशी परत ठेवता येते.

दुसरा टप्पा ओपनट्यूना, मेमरी कार्डावर टाकायचा दुसरा प्रोग्राम. कार्डातील सेव्हचा आयकॉन दाखवताना यंत्राचा ब्राउझर, म्हणजे कार्डात काय आहे ते दाखवणारा मेनू, जी चूक करतो, तिच्यावर हे बेतलेले आहे, म्हणून उशिराच्या ९०००० मालिकेवरही चालते. त्याचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवून यूलाँचमधून चालवा, स्लिमसाठीचा पर्याय निवडा, आणि ते विकत घेतलेल्या कार्डावरच टाका. त्या वेळी भावाचे कार्ड यंत्रातून काढून बाजूला ठेवलेले असावे. पुढे डीव्हीडीची गरज राहत नाही: डिस्क न घालता यंत्र सुरू करायचे, ब्राउझरमध्ये जाऊन कार्ड उघडायचे.

---

सर्किटवाला यांचे उत्तर

रात्रपाळी यांनी क्रम अगदी योग्य सांगितला आहे. मी जुन्या यंत्रांची दुरुस्ती करतो, म्हणून लेन्सविषयी थोडे सांगतो, कारण पहिल्या टप्प्यासाठी एकदा तरी डीव्हीडी वाचली जाणे आवश्यक आहे.

आपल्या नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो आणि टीव्हीचे टेबल बहुतेक घरांत त्याच्याच झोतात असते. त्या दमट हवेबरोबर धूळ लेन्सवर बसते आणि वाळली की तिचा पातळ थर तयार होतो. माझ्याकडे आलेल्या ज्या स्लिमना ‘लेन्स गेली’ असे सांगितले जात होते, त्यांपैकी अनेकांची लेन्स फक्त मळलेली होती. स्लिमचे झाकण वरून उघडते, त्यामुळे काही खोलावे लागत नाही. वायर काढून ठेवा, झाकण उघडा, कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावा आणि त्या निळसर भिंगावरून अलगद गोल फिरवा. दाबू नका, भिंग बारीक स्प्रिंगवर तोललेले असते. पाच मिनिटे वाळू द्या.

डीव्हीडी-आर प्रकारचीच डिस्क घ्या, ४एक्स वेगाने लिहा आणि शेवटी फायनलाइज करा. डीव्हीडी+आर या जुन्या ड्राइव्हना रुचत नाही. संगणकात डीव्हीडी रायटर नसेल तर बर्डीवरील, म्हणजे सीताबर्डी बाजारातील, मोदी गल्ल्यांत यूएसबीचा बाहेरून जोडायचा रायटर विचारून पाहावा, किंवा एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओतून डिस्क लिहून घ्यावी. ९०००० मालिकेत पॉवर सप्लाय आतच असतो आणि भिंतीतील वायर सरळ यंत्राला लागते, म्हणून स्टिकरवर २२०-२४० व्होल्ट लिहिले आहे याची एकदा खात्री करून घ्या.

---

माळ्यावरची_पेटी यांचे उत्तर

आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. स्टिकरवरचा डेट कोड ८डी निघाला, म्हणजे रात्रपाळी यांचे निदान बरोबर होते.

पहिली डिस्क वाया गेली. घरात पडलेली डीव्हीडी+आर मी १६एक्स वेगाने लिहिली होती आणि यंत्राने ती ओळखलीच नाही. लेन्स पुसताना काडीवर चक्क तपकिरी डाग आला. नंतर डीव्हीडी-आर ४एक्सने लिहिली, तीही पहिल्या दोन वेळा लागली नाही, तिसऱ्या वेळी पडदा क्षणभर काळा झाला आणि यूलाँच उघडले. चौदा फोल्डरपैकी तेरा पेनड्राइव्हवर उतरले. एक मात्र कॉपी होताना मध्येच थांबतो, आणि दुर्दैवाने तो क्रिकेटचाच आहे. मी अजून ओपनट्यूनाला हात लावलेला नाही. या फोल्डरसाठी काही करता येईल का?

आणखी एक शंका आहे. पेनड्राइव्हवरून गेम चालवताना मधली दृश्ये अडखळतात असे अनेकांनी लिहिले आहे, तर आमच्यासाठी कोणता मार्ग बरा?

---

सर्किटवाला यांचे उत्तर

फोल्डर पुन्हा पुन्हा कॉपी करण्याचा प्रयत्न तूर्त थांबवा. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्यांकडे उजेडात पाहा. इतक्या वर्षांत त्या काळवंडलेल्या असतात. स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने त्या हलकेच घासा, मग अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसा. त्यानंतर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा, तिथे ते एमसी१: म्हणून दिसेल. पहिल्या स्लॉटच्या पिना जास्त वापराने सैल झालेल्या असतात आणि दोष कार्डाऐवजी तिथे असू शकतो.

---

रात्रपाळी यांचे उत्तर

अडखळण्याचे कारण साधे आहे. या यंत्राचे यूएसबी पोर्ट १.१ प्रकारचे आहेत, त्यांची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपास मिळते आणि डीव्हीडी ड्राइव्ह याहून पुष्कळ जलद असतो, म्हणून व्हिडिओ असलेली दृश्ये रेंगाळतात. क्रिकेटसारख्या गेममध्ये सुरुवातीला लोड होण्यास वेळ लागेल, खेळताना फारसे जाणवणार नाही. मी पेनड्राइव्हनेच सुरुवात करण्याचा सल्ला देईन.

गेम चालवण्यासाठी ओपीएल वापरा, म्हणजे ओपन पीएस२ लोडर. आपल्याकडे ज्या डिस्क आहेत त्यांचीच प्रत संगणकावर काढा. दुसऱ्याने काढलेल्या प्रती उतरवून घेण्याचे मी सुचवणार नाही, त्यात कायद्याचा प्रश्न आहे आणि फाइल कोणी काय करून ठेवली आहे याचा भरवसाही नसतो. खालची बाजू निळी असलेल्या डिस्क सीडी आहेत, त्यांच्या प्रती सीडी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि चंदेरी डिस्कच्या प्रती डीव्हीडी फोल्डरमध्ये. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेवढी मोठी प्रत यूएसबीयूटिल या प्रोग्रामने तुकडे करून ठेवावी लागते.

गती हवीच असेल तर स्लिमच्या मागील लॅन पोर्टचा उपयोग करता येतो. ओपीएल संगणकावरील शेअर केलेल्या फोल्डरमधून गेम उचलते. त्यासाठी फाइल शेअर करण्याची जी एसएमबी१ ही जुनी पद्धत लागते ती विंडोज १० मध्ये २०१७ पासून मुळात बंद ठेवलेली असते, आणि तसे करण्यास सबळ कारण आहे: त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस तिच्यातूनच पसरला. म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर ती कधीही सुरू करू नका. जुना लॅपटॉप असेल तर त्याचे इंटरनेट बंद करून दोघांमध्ये सरळ केबल जोडा.

मेकापॉन या सॉफ्टवेअरचा सल्लाही कोणी देईल. ते यंत्राच्या आतील कायमच्या नोंदी बदलते; आपल्या कामासाठी त्याची काहीच आवश्यकता नाही.

---

माळ्यावरची_पेटी यांचे उत्तर

पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिते. खोडरबरने पट्ट्या पुसल्यावरही पहिल्या स्लॉटमध्ये तो फोल्डर थांबतच होता. दुसऱ्या स्लॉटमध्ये पहिल्याच प्रयत्नात पूर्ण उतरला. चौदाही पीएसयू फाइल आता लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या पेनड्राइव्हवर आहेत, मूळ कार्ड कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहे.

त्यानंतर ओपनट्यूना विकत घेतलेल्या कार्डावर टाकले आणि ते कार्डही दुसऱ्याच स्लॉटमध्ये लावते. ब्राउझरमध्ये ते उघडले की काही क्षणांत ओपीएलपर्यंत जाता येते. क्रिकेटची सेव्ह त्याच कार्डावर परत ठेवली, पण गेम ती पहिल्या स्लॉटमध्येच शोधतो. सर्किटवाला यांना विचारायचे आहे: पहिल्या स्लॉटच्या पिना घरच्या घरी घट्ट करता येतात का, की यंत्र आपल्याकडे घेऊन यावे लागेल?

---

सर्किटवाला यांचे उत्तर

घरी सुई घालून पिना उचलण्याचा प्रयत्न करू नका, एखादी मोडली तर पूर्ण स्लॉट बदलावा लागतो. आधी कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाच्या पट्टीला अल्कोहोल लावून ती स्लॉटमध्ये चार-सहा वेळा आत-बाहेर करा, यंत्र बंद आणि वायर काढलेली असताना. पट्टी काळी निघाली तर मळच होता. स्वच्छ निघाली आणि तरीही कार्ड दिसले नाही, तर यंत्र घेऊन या. पिना वर उचलण्याचे काम तासाभराचे आहे आणि पोळ्याच्या आत सहज होईल.